आधी ‘टक्’, मग डरकाळी: स्वमग्न मुलासोबत डायनोसॉर पार्कमधला एक दिवस

मे २०२४ मध्ये नागपुरात आमच्या घराजवळच्या मैदानात डायनोसॉरचे प्रदर्शन भरले होते. माझा मुलगा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता आणि त्याला तीस-चाळीस डायनोसॉरची नावे, त्यांचा काळ आणि त्यांचे खाणे तोंडपाठ होते, म्हणून आम्ही मोठ्या हौसेने तिकिटे काढली. आत पाऊल टाकताच पहिल्याच पुतळ्याने डरकाळी फोडली. त्यानंतर पाऊण तास मुलगा आमच्या गाडीत मागच्या सीटच्या खाली, कानांवर हात दाबून बसून होता. तिकिटांचे सहाशे रुपये गेले त्याचे काही वाटले नाही, रांगेतल्या एका बाई “एवढा मोठा झाला अन् पुतळ्याला भेतो!” असे म्हणाल्या, ते मात्र बरेच दिवस मनात राहिले.

तो डायनोसॉरला घाबरत नाही. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि अचानक येणारा मोठा आवाज त्याला आपल्यासारखा नुसता दचकवत नाही, तर अक्षरशः दुखतो. त्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनी एके रात्री त्याने स्वतःहून विषय काढला आणि म्हणाला, “आई, मला मोठा हलणारा डायनोसॉर बघायचा आहे. पण आवाज कधी येणार ते आधी सांग.” नागपूरपासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर असलेल्या एका कौटुंबिक थीम पार्कमध्ये डायनोसॉरचा वेगळा विभाग आहे. तिथे जाऊन येण्यासाठी आम्हाला त्या रात्रीपासून सहा महिने लागले. पार्कबद्दल जे काही वाचायला मिळाले त्यात ‘मुलांनी धमाल केली’ यापलीकडे काही नव्हते, आणि मला नेमके कोणता पुतळा कुठे ओरडतो हे हवे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात कागदांपासून करावी लागली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोडतात आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे, हे आम्हाला थेरपी केंद्रात भेटणाऱ्या दुसऱ्या एका आईने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. तिनेच सांगितले की अनेक पार्कमध्ये युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र, दाखवल्यास रांगेच्या बाबतीत काही ना काही सोय करून देतात. कार्ड काढायचे की नाही यावर घरात दोन आठवडे चर्चा झाली. त्याच्या बाबांना तो शिक्का वाटत होता, आणि खरे सांगायचे तर मलाही थोडाफार वाटत होता. अखेर ९ ऑगस्टला या कार्डासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. अर्जाला शुल्क नाही. मुलाचे आधार कार्ड, रहिवासी पुरावा, छायाचित्र आणि स्वाक्षरीच्या जागी अंगठ्याचा ठसा अपलोड करावा लागला. आमच्या ठशाची फाइल जास्त मोठी असल्यामुळे तीनदा परत आली, तेव्हा ती आधीच लहान करून ठेवावी.

तपासणीसाठी शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात जायचे होते. पहिल्या खेपेला तीन तास बाकावर बसल्यानंतर कळले की संबंधित डॉक्टर आठवड्यातून एकाच दिवशी ही तपासणी करतात, आणि तो दिवस आदल्या दिवशीच होऊन गेला होता. हे सकाळी खिडकीवर विचारले असते तर तिथेच कळले असते. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला काम झाले. स्वमग्नतेच्या मूल्यांकनासाठी आपल्याकडे जी मापनश्रेणी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच असे गुण द्यायचे असतात. ते चाळीस प्रश्न, आपलेच मूल शेजारी बसून खुर्चीचे स्क्रू मोजत असताना, एकामागून एक ऐकणे फार जड जाते. घरातले दुसरे कोणीतरी सोबत असावे, म्हणजे एकाने उत्तरे द्यावीत आणि एकाने मुलाला व्हरांड्यात फिरवून आणावे. प्रमाणपत्र ऑक्टोबरमध्ये पोर्टलवर दिसू लागले आणि छापील कार्ड डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आले. एकूण खर्च झाला तो झेरॉक्स आणि ऑटोचा, सगळा मिळून साडेपाचशेच्या आत.

कार्डाची वाट पाहण्याच्या त्या चार महिन्यांत आम्ही तालीम केली, आणि माझ्या मते सगळा दिवस या तालमीवर उभा राहिला. त्याच्याकडून रोजच्या गोष्टींचा सराव करून घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंचा सल्ला असा होता की डायनोसॉर, आवाज आणि रांग या तीन गोष्टी एकाच दिवशी पहिल्यांदा भेटू देऊ नका, एकेक करून भेटवा.

डायनोसॉर भेटवायला नागपूरकरांना लांब जावे लागत नाही. गांधीसागर तलावासमोर रामन विज्ञान केंद्र आहे. मार्च १९९२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या आवारात प्रागैतिहासिक प्राण्यांचे उद्यान आहे. तिथले पुतळे मोठे आहेत, उघड्यावर आहेत आणि गप्प उभे राहतात, आणि आमच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोठा गुण तो शेवटचाच होता. सप्टेंबर ते डिसेंबर आम्ही तिथे पाच वेळा गेलो. पहिल्या वेळी मुलगा कुंपणापासून दहा पावलांवर उभा राहिला. पाचव्या वेळी तो एका पुतळ्यासमोर उभा राहून शेजारच्या आजोबांना सांगत होता की आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात याच्यापेक्षा भारी डायनोसॉर सापडला आहे. आजोबांना ती मुलाची बतावणी वाटली असावी, पण तो खरे बोलत होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८०च्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी एका लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरचा बराचसा सांगाडा खणून काढला. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. नावातला ‘इसि’ म्हणजे त्या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला तर डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले सापडतात, आणि त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले, त्यामुळे डायनोसॉरच्या काळातच इथे गवत उगवत होते हे कळले. ‘डायनोसॉरची शी आणि तीही आपल्याकडची’ हा आमच्या घरातला सर्वांत लाडका विषय आहे. पाहुण्यांसमोर तो जेवणाच्या वेळीच निघतो.

आवाजासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. कानांवर घट्ट बसणारे, आवाज दाबणारे इअरमफ १,१५० रुपयांना मागवले आणि ते रोज संध्याकाळी दहा मिनिटे, मिक्सर चालू असताना घालायची सवय लावली. शिवाय पार्कमधल्या राइडचे लोकांनी काढलेले व्हिडिओ शोधून ते मोबाइलवर आधी आवाज पूर्ण बंद ठेवून दाखवले, मग दर तीन-चार दिवसांनी आवाजाची एकेक पट्टी वाढवली. वाढवायचे बटण त्याच्याच हातात दिले होते. सातव्या पट्टीवर तो तीन आठवडे अडला. आम्ही घाई केली नाही.

रांगेचा सराव टेकडी गणपतीला झाला, अर्थात चतुर्थी टाळून, साध्या वारी सकाळी. पाच मिनिटांचे वाळूचे घड्याळ हातात दिले, की रांग किती पुढे सरकली यापेक्षा वाळू किती खाली आली याकडे त्याचे लक्ष राहते. गणपतीसमोर पोहोचण्याआधी वाळू संपली तर मात्र तिथेच बसकण मारली जाते, म्हणून घड्याळ नेहमी अंदाजापेक्षा मोठे घ्यावे.

डिसेंबरच्या मध्यात मी पार्कला ईमेल पाठवून चार प्रश्न विचारले: कोणत्या राइडमध्ये अचानक आवाज किंवा अंधार आहे, कार्डधारकांना रांगेतून सवलत आहे का, घरचा डबा आत नेता येईल का, आणि शांत खोली आहे का. अकरा दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले, त्यात चारांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे होती. उरलेली फोनवर मिळाली. डबा एरवी नेता येत नाही, पण मुलाचे खाणे मर्यादित असल्याचे डॉक्टरांचे पत्र असल्यास नेता येतो. शांत खोली नाही, पण प्रथमोपचार कक्षात बसता येईल. हे उत्तर ज्यांनी दिले त्यांचे नाव आणि फोनची तारीख मी लिहून ठेवली, आणि ती चिठ्ठी पुढे दोनदा कामी आली.

आम्ही बुधवार, २२ जानेवारी २०२५ हा दिवस निवडला. आठवड्याच्या मधला दिवस, संक्रांत आटोपलेली, शाळांच्या सहली नसतील असे फोनवर विचारून घेतलेले, आणि नागपूरच्या हिशेबाने ऊन सोसण्याजोगे. प्रौढांचे तिकीट ८५० रुपये होते. मुलांचे वयावर नसून उंचीवर ठरत होते आणि आमच्या मुलाची उंची ११२ सेंटिमीटर असल्यामुळे त्याला ६५० पडणार होते, कार्डामुळे त्याचे निम्मे झाले. उंची बूट काढून मोजतात. घरी भिंतीवर बूट घालून मोजू नये, कारण त्या दोन सेंटिमीटरवर एखादी राइड हातची जाते आणि मग समजूत घालणे कठीण होते.

साडेनऊला पोहोचलो. तिकीट खिडकीऐवजी आम्हाला आधी कार्यालयात जायचे होते, तिथे पंचवीस मिनिटे गेली. कार्डाची मूळ प्रत पाहून, झेरॉक्स ठेवून घेऊन, एक फॉर्म भरून घेतला. काउंटरवरच्या तरुणाने मुलाकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, दिसाले तर चांगला आहे की हो.” त्याचा हेतू वाईट नव्हता. मी “हो, चांगलाच आहे,” एवढेच म्हटले आणि फॉर्मवर सही केली. सोय अशी होती की रांग पूर्ण टळत नाही, पण राइडच्या दाराशी चिठ्ठीवर वेळ लिहून देतात आणि त्या वेळेपर्यंत तुम्ही रांगेत न थांबता जवळपास कुठेही बसू शकता. आमच्यासाठी हे पुरेसे होते. गर्दीत कोणाचे कोपर लागणे हीच मुलाची मुख्य अडचण असते.

पहिली राइड जीपची होती. रुळावरून संथ जाणारी, चार मिनिटांची, दोन्ही बाजूंना झाडीतून डोके काढणारे डायनोसॉर, आणि व्हिडिओमध्ये सत्तर वेळा पाहिलेली. त्यामुळे कुठे काय ओरडणार हे तो मला आधीच सांगत होता आणि मी निर्धास्त होते. शेवटच्या वळणावर गळ्याभोवती झालर असलेल्या एका डायनोसॉरने आमच्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारली. हे कोणत्याही व्हिडिओत नव्हते, बहुधा व्हिडिओ काढणाऱ्यांनी मोबाइल वाचवण्यासाठी तिथेच चित्रीकरण थांबवले असावे. मुलगा ढसाढसा रडू लागला. मला वाटले पाण्यामुळे, म्हणून मी रुमाल काढला, तर तो रडत रडत ओरडत होता, “डायलोफोसॉरस थुंकत नाही! त्याला झालर नाही! पुस्तकात नाही!” त्याचे म्हणणे बरोबर आहे, डायलोफोसॉरस विष थुंकत असे किंवा त्याला मानेभोवती झालर होती, असा पुरावा जीवाश्मांमध्ये मिळालेला नाही. उतरवून घेणाऱ्या काकांनी विचारले, “काहून रडते बाबू?” आणि त्याने त्यांना सगळे ऐकवले. काकांनी गंभीरपणे मान हलवून “साहेबांले सांगतो,” असे म्हटले. त्याने तो शांत झाला. शर्टाचा दुसरा जोड सोबत असू द्यावा.

ज्या छोट्या रोलर कोस्टरची मला धास्ती होती तिथे काहीच घडले नाही. त्याला वेग आवडतो, झोके आवडतात, पोटात गोळा येणे आवडते. अडचण झाली ती माझी. मांडीवरचा आडवा दांडा घट्ट बसला की नाही हे मी तीनदा विचारले. सॉफ्ट प्लेमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या मऊ गाद्यांच्या खेळघरात, मोजे सक्तीचे होते, नसतील तर चाळीस रुपयांना घ्यावे लागत होते. आतला गलका ऐकून आम्ही दारातूनच परतलो.

दुपारचा बराच वेळ वाळूच्या हौदात गेला. खाली सिमेंटचा सांगाडा पुरलेला आहे आणि मुलांनी ब्रशने वाळू बाजूला सारून तो उघडा करायचा. बाकीची मुले दोन मिनिटांत कवटी शोधून निघून जात होती. आमचा मुलगा पालथा पडून एकेक मणका मोजत होता, कारण त्याला हा प्राणी कोणता ते ठरवायचे होते. पाऊण तासाने त्याने निकाल दिला की मागचे पाय एकाचे आणि शेपूट दुसऱ्याची आहे. शेजारी पाटीवर स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स एकत्र काढले होते, त्यावरही त्याचा आक्षेप होता, कारण त्या दोघांमध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. आणि इसिसॉरस संपूर्ण पार्कमध्ये कुठेही नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातला प्राणी नागपूरजवळच्या पार्कमध्ये नाही आणि उत्तर अमेरिकेतला टी-रेक्स मात्र तीन ठिकाणी आहे, ही तक्रार मलाही पटली. बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत आम्ही ती नोंदवली.

दिवसातला सर्वांत वाईट प्रसंग डायनोसॉरमुळे आलाच नाही. जेवणानंतर स्वच्छतागृहात कोणीतरी हात सुकवायच्या यंत्राखाली हात धरले आणि त्या बंद, फरशी लावलेल्या खोलीत तो घोंगावणारा आवाज भरला. इअरमफ बाहेर बॅगेत होते. तो जमिनीवर बसला, स्वतःच्या मनगटाला चावू लागला. मी त्याला उचलून प्रथमोपचार कक्षात नेले. तिथल्या परिचारिकेला फोनवर बोललेल्यांचे, चिठ्ठीवर लिहून ठेवलेले नाव सांगितल्यावर तिने काही न विचारता दिवा मंद केला आणि दार ओढून घेतले. पस्तीस मिनिटे लागली. सहा महिने मी डरकाळ्यांची यादी केली होती आणि या भिंतीवरच्या डब्याचा विचार एकदाही केला नव्हता. दिव्यांगांसाठीच्या वेगळ्या स्वच्छतागृहात ते यंत्र नव्हते, हे नंतर कळले. तिकडेच जावे, आणि इअरमफ बॅगेत न ठेवता मुलाच्या गळ्यात ठेवावेत.

तेव्हा तीन वाजले होते आणि त्याचे बाबा गाडी काढायला निघाले होते. मुलाने दिवसाचा क्रम दाखवणाऱ्या आमच्या चित्रांच्या पट्टीकडे बोट दाखवले. ‘मोठा टी-रेक्स’ हे शेवटचे चित्र अजून पलटायचे राहिले होते.

तो पुतळा दगडी चौथऱ्यावर, दुमजली घराएवढा उंच उभा आहे. असे पुतळे आतून पोलादी सांगाड्याचे असतात, सांध्यांत मोटारी, वर स्पंजचा थर आणि त्यावर रबरासारखी सिलिकॉनची कातडी. याच्या डाव्या कोपराची कातडी उसवली होती आणि आतला पिवळा स्पंज दिसत होता. आम्ही वीस पावलांवर थांबलो. कोणी समोरून गेले की तो मान वळवायचा आणि ओरडायचा. मुलगा इअरमफ लावून दहा मिनिटे नुसता पाहत राहिला. मग त्याने एका बाजूचा इअरमफ किंचित उचलला आणि म्हणाला, “टक् होते. आधी टक् होते.”

मला काही ऐकू आले नाही. त्याने मला पाच पावले पुढे नेले, आणि मग मलाही ऐकू आले: मानेतली मोटार सुरू होताना बारीक टक् असा आवाज येतो, त्यानंतर साधारण एक सेकंद जातो, आणि मग डरकाळी. कुंपणाच्या खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक काळी डबी होती, तिच्यात लाल ठिपका. तिच्यासमोरून कोणी गेले की टक्. त्याने पाय पुढे केला. टक्. त्याने दोन्ही हातांनी कान झाकले, डरकाळी होऊ दिली, आणि पाय मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा पाय पुढे केला. असे तेरा वेळा झाले. मी मोजले, कारण तो मोजत होता. चौथ्या खेपेपासून हात कानांवर गेले नाहीत. आठव्या खेपेला तो ज्या लहान मुलांना भीती वाटत होती त्यांना हात दाखवून थांबवत होता आणि टक् झाल्यावर “आता!” असे सांगत होता. एका चिमुकलीच्या आजीने मला विचारले, “तुमचा मुलगा इथे कामाला आहे काय हो?”

सव्वाचारला पार्क सोडले. पेट्रोल, तिकिटे, एक सरबत, आणि गेटवरच्या दुकानातला १८० रुपयांचा रबरी डायनोसॉर धरून दिवसाचा खर्च ३,४०० रुपयांच्या आसपास गेला. गाडीत तो बुटीबोरी यायच्या आतच झोपला, आणि पुढचे दोन दिवस शाळेला पाठवले नाही. एवढ्या दिवसानंतर तेवढी विश्रांती आधीच धरून ठेवावी.

आता घरात नवा खेळ सुरू आहे. आजी देवघरात वाती वळत बसल्या की तो दाराआड उभा राहून जिभेने टक् असा आवाज काढतो, एक सेकंद थांबतो आणि मग डरकाळी फोडतो. आजींनी दर वेळी दचकायचे असते. परवा त्या टक् ऐकूनच दचकल्या, तेव्हा त्यांना पुन्हा पहिल्यापासून करायला लावले.